स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल घरी बदलायचे तर

पेट्रोल गाडी सिग्नलला उभी असताना थरथरायला लागली, चढावर पिकअप सोडायला लागली आणि डॅशबोर्डवर पिवळा चेक इंजिनचा दिवा लागला, की गॅरेजमध्ये बहुधा एकच निदान होतं : "मिसिंग आहे साहेब, प्लग-कॉइल सगळं बदलावं लागेल." चार प्लग, चार कॉइल आणि मजुरी धरून बिल दहा हजारांच्या आसपास जातं. त्यातल्या तीन कॉइल अनेकदा ठणठणीत असतात. मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं. ते पेटवणारी ठिणगी प्लग पाडतो आणि त्या ठिणगीसाठी लागणारं व्होल्टेज कॉइल तयार करते.

म्हणून हा लेख. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे : प्लग ही झिजणारी वस्तू आहे, ती किलोमीटर भरले की बदलायची. कॉइल किलोमीटर बघून बदलायची वस्तू नाही. नेमकी कुठली गेली आहे हे सिद्ध झालं की तेवढीच बदलायची. दोन्ही कामं सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी होण्यासारखी आहेत. अक्कल लागते ती स्वच्छता राखायला आणि हाताचा जोर आवरायला. बाकी उघडझाक आहे.

आधी हे बघा : तुमची गाडी यात बसते का?

मी डोळ्यांसमोर मारुतीचं चार सिलिंडरचं १.२ लिटर के-सिरीज इंजिन ठेवून लिहितो आहे. स्विफ्ट, डिझायर, बलेनो, रिट्झ या गाड्यांमधून ते लाखो घरांत पोचलेलं आहे. त्यात प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची एक कॉइल बसते. ह्युंदाईच्या आय-टेन, आय-ट्वेंटीच्या १.२ पेट्रोलमध्येही हीच रचना आहे, त्यामुळे पद्धत तीच.

तीन सिलिंडरची गाडी असेल तर तीन प्लग, तीन कॉइल. २०२४ ला आलेली नवी स्विफ्टही आता तीन सिलिंडरची झाली आहे. जुन्या होंडा सिटीच्या आय-डीएसआय इंजिनात मात्र प्रत्येक सिलिंडरला दोन असे आठ प्लग होते. ती गाडी असेल तर चार आणून बसू नका. मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांत प्लगच्या डोक्यावर कॉइल नसते, जाड काळ्या वायरी येतात. तिथे प्लगचा भाग लागू पडेल, कॉइलचा नाही. आणि डिझेलवाल्यांनी इथेच थांबावं, डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतोच.

गाडी अजून वॉरंटीत असेल तर हात लावू नका. सर्व्हिस सेंटरला न्या आणि कॉइल वॉरंटीत बदलून मिळते का ते विचारा. प्लग झिजणारी वस्तू असल्यामुळे सहसा वॉरंटीत येत नाहीत.

१. मिसिंग आहे की दुसरंच काही, ते ओळखा

प्लग झिजले की गाडी एकदम बंद पडत नाही. ॲव्हरेज हळूहळू उतरतं, सकाळी स्टार्टर जास्त वेळ फिरवावा लागतो, ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर विचारात पडते. कॉइल जाते तेव्हा असं नसतं. इंजिन एका सिलिंडरवर लंगडं होतं, सायलेन्सरमधून 'फट्-फट्' असा तुटक आवाज येतो आणि गाडी झटके मारते. सुरुवातीला हे फक्त इंजिन तापल्यावर होतं, गार झालं की गाडी पुन्हा शहाण्यासारखी चालते. मेकॅनिकला दाखवायला नेली की नेमका त्रास दिसत नाही, तो याच कारणाने.

सीएनजी किट असलेल्यांसाठी एक खूण. गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे प्लग किंवा कॉइल कमजोर झाली की पहिली तक्रार गॅसवर येते. पेट्रोलवर गाडी मख्खन आणि गॅसवर झटके, असं असेल तर किटवाल्याकडे ट्यूनिंगला जाण्याआधी प्लग काढून बघा.

चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर घरापर्यंत सावकाश येता येतं. तो लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. याचा अर्थ न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतल्या धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात, जातंय आणि तिथे पेट घेतंय. तो कन्व्हर्टर चार कॉइलपेक्षा कितीतरी महाग पडतो.

आता गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचा. ओबीडी स्कॅनर, म्हणजे ईएलएम ३२७ जातीची ब्लूटूथ डबी, पाचशे ते हजार रुपयांत मिळते आणि मोबाइलवरच्या ॲपला जोडता येते. तिचं पोर्ट स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यांजवळ असतं. जे कोड दिसू शकतात ते असे :

- पी ०३०० : मिसिंग आहे, पण कुठल्या एका सिलिंडरला पकडता येत नाही.
- पी ०३०१ ते पी ०३०४ : अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरचं मिसिंग.
- पी ०३५१ ते पी ०३५४ : त्या-त्या क्रमांकाच्या कॉइलच्या सर्किटमध्ये बिघाड. यात कॉइलबरोबर वायरिंग आणि कपलर, म्हणजे वायरीच्या टोकाचा प्लॅस्टिकचा जोड, हेही आले.

सिलिंडरचा पहिला नंबर बेल्ट आणि पुली असलेल्या बाजूने मोजतात. कोड लिहून ठेवा, फोटो काढा, पण अजून पुसू नका.

२. कॉइल खरंच गेली आहे का? अदलाबदल करून बघा

सगळ्या लेखात पैसे वाचवणारी पायरी हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा कोड पी ०३०३ आलाय. म्हणजे तिसऱ्या सिलिंडरला ठिणगी पडत नाही किंवा पडूनही पेट्रोल नीट जळत नाही. इंजिन बंद, किल्ली बाहेर. तिसरी कॉइल काढून पहिल्यावर बसवा आणि पहिली तिसऱ्यावर. काढायची कशी ते पुढे पाचव्या पायरीत आहे. प्लग जिथले तिथे राहू द्या. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, नाहीतर उत्तर मिळत नाही. मग कोड पुसा, गाडी सुरू करा आणि त्रास पुन्हा होईपर्यंत चालवा.

कोड आता पी ०३०१ आला तर दोष कॉइलबरोबर पहिल्यावर गेला, म्हणजे ती कॉइल खराब. दुसरा पुरावा लागत नाही. कोड पी ०३०३ च राहिला तर कॉइल निर्दोष आहे. आता तोच प्रयोग प्लगचा करा. प्लग बदलूनही दोष तिसऱ्यावरच राहिला, तर इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन यांपैकी काहीतरी आहे आणि तिथून पुढे मेकॅनिकची हद्द सुरू होते.

मल्टिमीटर असेल तर तो लावायचा मोह होतो. दोन पिनांच्या साध्या कॉइलचं प्रायमरी रेझिस्टन्स मोजता येतं, साधारण एक ओहमच्या आत-बाहेर असतं. पण तीन-चार पिनांच्या कॉइलमध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट आतच असतं. तिथे मीटरचा आकडा बघून काही ठरवू नका. शिवाय तापल्यावर फुटणारी कॉइल गार असताना मीटरवर अगदी सज्जन दिसते.

जुने मेकॅनिक प्लग बाहेर काढून इंजिनाला टेकवतात आणि स्टार्टर मारून ठिणगी बघतात. काही जण चालू इंजिनात एकेक कपलर उपटून आवाज ऐकतात. कार्ब्युरेटरच्या जमान्यात हे चालून जायचं. आताच्या गाडीत कॉइल वीस-तीस हजार व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त तयार करते. ते अंगावर येऊ शकतं, ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, इजा होऊ शकते आणि कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं ते वेगळंच. हा उद्योग करू नका आणि कोणाला तुमच्या गाडीवर करूही देऊ नका.

३. माल आणा

प्लगचा नंबर ओनर्स मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. काउंटरवर "स्विफ्टचे प्लग द्या" म्हणू नका. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक इंजिन बदललेलं असतं. जवळ ठेवायचे कागद :

- ओनर्स मॅन्युअल, किंवा त्यातल्या प्लगच्या पानाचा फोटो
- आरसी. चेसिस नंबरवरून कंपनीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात अचूक पार्ट नंबर काढून देतात
- सर्व्हिस बुक, म्हणजे मागचे प्लग किती किलोमीटरला पडले ते कळतं
- जुन्या कॉइलवर छापलेल्या नंबराचा फोटो

प्लगवरचा नंबर वाचता आला तर फसवणूक होत नाही. एनजीकेचा बीकेआर ६ ई-११ हा एक प्रसिद्ध प्लग उदाहरणादाखल बघू. बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, के म्हणजे १६ मिलिमीटरचा षटकोन, आर म्हणजे आत रेझिस्टर आहे, ६ ही उष्णतेची श्रेणी, ई म्हणजे १९ मिलिमीटर लांबीचे आटे आणि ११ म्हणजे गॅप, टोकाच्या दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर, १.१ मिलिमीटर. श्रेणीबाबत एक गंमत आहे. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग 'थंड', म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, होत जातो, बॉशमध्ये उलटं. त्यामुळे एका कंपनीचा आकडा धरून दुसऱ्या कंपनीचा प्लग उचलायचा नाही. आटे लांब असलेला चुकीचा प्लग बसवला तर तो आत पिस्टनला लागू शकतो, हेही लक्षात असू द्या.

निकेल की इरिडियम? साधे निकेलचे प्लग शे-दोनशेला एक मिळतात आणि तीस-चाळीस हजार किलोमीटर चालतात. इरिडियमचे पाचशेच्या पुढे जातात आणि ऐंशी हजार ते लाखभर किलोमीटर बघावं लागत नाही. कंपनीने निकेल दिले असतील तर निकेलच घाला, गाडी तेवढीच पळेल. इरिडियमने पिकअप वाढतं ही जाहिरातीची भाषा झाली. वाढतं ते फक्त आयुष्य. पण कंपनीने मुळात इरिडियम दिले असतील तर पैसे वाचवायला निकेलवर उतरू नका. प्लग मात्र चारही एकदम बदला, एखाद-दुसरा नाही.

कॉइल घेताना जपा. दीड-दोन हजारांची कॉइल चारशेत मिळत असेल तर ती नकली आहे असं धरून चाला. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला स्पेअर पार्टची जुनी, खात्रीची दुकानं आहेत. तिथे पक्कं बिल मागा. बिल द्यायला कोणी कां-कूं केली तर पुढच्या दुकानात जा. ऑनलाइन घेतलात तर खोकं उघडताना व्हिडिओ काढा. नकली प्लगची खूण जवळून दिसते : चिनी मातीवरची छपाई नखाने खरवडली की निघते, मधला इलेक्ट्रोड एका बाजूला कललेला असतो, आट्यांना बारीक धार राहिलेली असते.

४. हत्यारं

- रॅचेट, ३/८ इंचाचा, आणि किमान १५ सेंटिमीटरचं एक्स्टेन्शन. प्लग खोल विहिरीत बसलेला असतो.
- प्लगची खास गोटी (सॉकेट), आत रबर किंवा लोहचुंबक असलेली. बहुतेकांना १६ मिलिमीटर लागते. काही नव्या गाड्यांत १४ ची, बारा कोनांची लागते. म्हणून आधी प्लग आणा, मग मापाने गोटी घ्या.
- कॉइलच्या बोल्टसाठी १० ची गोटी
- टॉर्क पाना, म्हणजे मोजून आवळता येणारा, ५ ते ५० न्यूटन मीटरच्या आसपासचा. चाकांचे नट आवळायचा मोठा पाना इथे उपयोगाचा नाही. तो जिथून सुरू होतो, तिथे आपलं काम जवळपास संपलेलं असतं.
- गॅप मोजायला फीलर गेज, शक्यतो तारेचं
- पायाने मारायचा पंप किंवा टायर इन्फ्लेटर, हवा मारायला
- टॉर्च, स्वच्छ फडकं, मास्किंग टेप, मार्कर
- पेट्रोलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा, प्लगच्या डोक्यावर घट्ट बसेल असा. दहा-वीस रुपयांचा हा तुकडा या यादीतलं सगळ्यात हुशार हत्यार आहे, कसं ते पुढे येईल.
- डायलेक्ट्रिक ग्रीसची छोटी ट्यूब

टॉर्क पाना विकत घ्यायचा नसेल तर ओळखीच्या फिटरकडून तासाभरासाठी मागा. तोही नसेल तर कोनाच्या मापाने आवळता येतं, ते सातव्या पायरीत आहे.

५. कॉइल काढा

इंजिन पूर्ण गार पाहिजे. रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं असतं. ते तापलेलं असताना प्लग काढला तर मऊ आटे प्लगबरोबर ओरबाडून येतात. किल्ली काढा, पुश बटणाची गाडी असेल तर स्मार्ट की घरात ठेवून या. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवणं चांगलं, पण त्याने घड्याळ आणि रेडिओचं सेटिंग जातं, तेवढी तयारी ठेवा.

बोनेट उघडा, वरचं प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर काढा. काही गाड्यांत एअर फिल्टरचा डबा किंवा त्याचा पाइप आडवा येतो, तो क्लिपा सोडवून बाजूला करा. उघड्या राहिलेल्या तोंडात फडकं कोंबा. आता चार कॉइल रांगेत दिसतील. सगळं जसं आहे तसा एक फोटो काढा आणि टेपवर १, २, ३, ४ लिहून कॉइल आणि कपलर दोन्हीवर चिकटवा. चारही कपलर सारखेच दिसतात. या इंजिनात ठिणगी १-३-४-२ अशा क्रमाने पडते आणि कपलर चुकीच्या कॉइलला गेला की गाडी फटाके फोडते.

कपलर ओढून निघत नाही. आधी तो किंचित आत दाबा, मग खटका दाबून बाहेर घ्या. काही कपलरांना वर लाल किंवा करडं सरकतं लॉक असतं, ते आधी मागे सरकवावं लागतं. आठ-दहा वर्षं इंजिनाच्या उष्णतेत भाजून हे प्लॅस्टिक पापडासारखं झालेलं असतं. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलंत तर खटका तुटणार आणि तुटका खटका पुढे खड्ड्यांत कपलर ढिला करून नवंच मिसिंग देणार. वायर धरून तर कधीच ओढू नका.

१० चा बोल्ट सोडवा. कॉइल डावीकडे-उजवीकडे थोडी फिरवा, रबर मोकळं झालं की सरळ वर ओढा. तिरकी ओढली तर खालचं, प्लगवर बसणारं रबरी बूट फाटतं.

चारही एकदम मोकळ्या करू नका. एक कॉइल, तिच्याखालचा प्लग, नवा प्लग, पुन्हा कॉइल, मग पुढचा सिलिंडर. यात अदलाबदल होत नाही आणि उघड्या भोकात काही पडण्याचा धोका एकावरच राहतो.

६. प्लग काढा आणि वाचा

कॉइल निघाली की टॉर्चने विहिरीत बघा. तळाला धूळ, वाळू, पावसाळ्यानंतर कधी गंजाचं पाणी, आणि खाली पार्किंगमध्ये उंदीर असतील तर शेंगदाण्याची टरफलंसुद्धा सापडतात. ही घाण प्लग निघाल्यावर थेट सिलिंडरमध्ये पडते. म्हणून प्लगला हात लावण्याआधी हवा मारा. डोळ्यांवर चष्मा असू द्या, घाण तोंडावर उडते.

विहिरीत ऑइल दिसलं तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट किंवा प्लग-ट्यूबचं सील गेलंय. ऑइलात भिजलेलं बूट फुगतं, ठिणगी बाजूने निसटते आणि नवी कॉइलही काही महिन्यांत मरते. आधी गॅस्केट बदलून घ्या.

पाणी असेल तर वॉशिंग सेंटर आठवा. बोनेट उघडून इंजिनावर प्रेशरने पाणी मारलं की ते कॉइलच्या कडेने उतरतं आणि दुसऱ्या दिवशी गाडी झटके मारते. अशा वेळी वाळवून, पुसून काम भागतं, काहीच विकत घ्यावं लागत नाही. आमच्या सोसायटीतल्या एका काकांना सर्व्हिस सेंटरने अशाच भिजलेल्या गाडीसाठी चार कॉइलचं कोटेशन दिलं होतं. कॉइल काढून, पुसून, उन्हात ठेवल्या आणि परत लावल्या, गाडी सरळ झाली.

गोटी प्लगवर पूर्ण बसली आहे ना ते बघून डावीकडे फिरवा. पहिला झटका 'कट्ट' असा येतो, तो ठीक. त्यानंतरही दर फेऱ्याला जोर लागत असेल तर थांबा. आट्यांपाशी गंज सोडवणारा स्प्रे थोडा मारा, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. मग पाव फेरा सैल, थोडा परत घट्ट, पुन्हा सैल, असं करत बाहेर काढा. लांब पाइप लावून जोर करायचा नाही. आटे गेले तर हेडमध्ये हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची स्प्रिंग, बसवावी लागते आणि ते घरचं काम नाही.

निघालेले प्लग क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा. टोक बघून इंजिनाची तब्येत कळते :

- फिकट तपकिरी किंवा राखाडी : झकास. फक्त झीज झाली आहे.
- कोरडी काळी काजळी : पेट्रोल जास्त जळतंय, किंवा गाडी रोज दोन-दोन किलोमीटरच चालते. एअर फिल्टरही बघा.
- ओलं, चिकट काळं : ऑइल वर येतंय. नवे प्लग थोडे दिवस झाकून नेतील, रोग इंजिनात आहे.
- पांढरं, खडबडीत, बुडबुडे आल्यासारखं : जास्त तापलंय. चुकीचा प्लग, ढिला प्लग किंवा पातळ मिश्रण (हवा जास्त, पेट्रोल कमी).

चारही सारखे काळे असतील तर कारण सगळ्या इंजिनाचं आहे. तीन तपकिरी आणि एकच ओला काळा, तर त्या एका सिलिंडरचं.

चिनी मातीच्या भागाकडेही नीट बघा. धातू जिथे सुरू होतो त्याच्या जरा वर तपकिरी कडं दिसेल. बरेच जण त्याला लीकेज समजतात. ते निरुपद्रवी आहे. जास्त व्होल्टेजमुळे हवेतले ऑइलचे कण तिथे चिकटतात. घाबरायचं ते उभ्या, पेन्सिलने ओढल्यासारख्या बारीक काळ्या रेषेला. तिथून ठिणगी बाहेरून धातूवर उडी मारते आहे. अशी रेष दिसली तर कॉइलच्या बुटात टॉर्च मारा, आत तशीच जोडीदार रेष असते. नुसता प्लग बदलला तर बुटातल्या रेषेवरून ठिणगी पुन्हा तीच वाट धरते. बूटही बदला. वेगळं मिळत नसेल तर ती कॉइल बदला.

७. नवा प्लग बसवा

सगळ्यात नाजूक पायरी ही, इथे घाई करू नका.

खोक्यावर गॅप लिहिलेला असला तरी फीलर गेजने तपासा, वाहतुकीत आपटून तो बदलतो. कमी-जास्त असेल तर फक्त बाहेरचा वाकडा पाय अगदी थोडा वाकवा. मधल्या इलेक्ट्रोडला पाना, पक्कड, काहीही लावू नका. इरिडियमचं टोक सुईएवढं असतं. नाण्यासारखं गोल गॅप-गेज त्यात घुसवलं तर टोक मोडतं, तिथे तारेचंच गेज वापरा. गॅप बरोबर असेल तर इरिडियमला हात न लावणं उत्तम. हातातून फरशीवर पडलेला प्लग वापरू नका. आत गेलेली चीर बाहेरून दिसत नाही.

आता तो रबरी पाइपचा तुकडा. प्लगचं डोकं त्यात खोचा, प्लग विहिरीत सरळ सोडा आणि आधी डावीकडे, उलटा फिरवा. आटे जुळतात तिथे हाताला एक बारीक 'टक' जाणवतं. तिथून उजवीकडे फिरवायला लागा. सरळ गेला तर प्लग बोटांच्या जोरावर तळापर्यंत निवांत उतरतो. तिरका लागला तर रबर प्लगवरच घसरतं आणि आटे वाचतात. रॅचेटला ही समज नसते, तो तिरक्या प्लगलाही मुकाट्याने आत ढकलतो. म्हणून रॅचेट हातात घ्यायचा तो प्लग तळाला टेकल्यावरच.

आवळायचं किती? १४ मिलिमीटर आट्यांचा, वॉशर असलेला प्लग ॲल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन मीटर. १२ मिलिमीटरचा असेल तर १५ ते २०. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. टॉर्क पाना नसेल तर वॉशर टेकल्यावर नव्या प्लगला अर्धा ते फार तर पाऊण फेऱ्याच्या आत. हे प्लगच्या खोक्यावर चित्रासह दिलेलं असतं. तोच प्लग काढून परत लावत असाल, अदलाबदलीच्या प्रयोगात, तर वॉशर आधीच दबलेला असतो, तिथे टेकल्यावर जेमतेम बाराव्या हिश्शाचा फेरा. वॉशर नसलेल्या, शंकूसारख्या बसणीच्या प्लगला सोळावा हिस्सा पुरतो.

ढिला प्लग तापून जळतो आणि कधी आटे घेऊन उडतो. जास्त आवळलेला प्लग पुढच्या वेळी काढताना तुटतो. मेकॅनिक मंडळी 'अजून थोडं' म्हणून जो शेवटचा हिसका देतात, तो द्यायचा नाही.

आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायचं वंगण) लावायचं का, हा वादाचा विषय आहे. नव्या प्लगवर आधीच चकचकीत मुलामा असतो आणि एनजीके लावू नका असंच सांगते. वंगणामुळे टॉर्क पान्याचा आकडा तोच दिसतो, प्रत्यक्षात मात्र प्लग जास्त आवळला जातो. मी कोरडेच बसवतो.

८. कॉइल परत

बुटाच्या आतल्या कडेला डायलेक्ट्रिक ग्रीस बोटाने फिरवा, मुगाच्या दाण्याएवढं. आतल्या स्प्रिंगला आणि प्लगच्या टोकाला ते माखू नका, ग्रीस वीज वाहून नेत नाही. कॉइल सरळ खाली दाबा, प्लगच्या डोक्यावर बसल्याचं हाताला कळतं. बोल्ट हाताने लावून मग १० च्या गोटीने हलकेच घट्ट करा. इथे जोर लावला तर कव्हरचे आटे जातात. कपलर 'क्लिक' होईपर्यंत दाबा आणि एकदा हळूच ओढून खात्री करा.

नवी कॉइल लावत असाल तर जुनीचं आणि नवीचं बूट शेजारी धरून लांबी जुळवा. पिना सारख्या आहेत का ते बघा. काम करणारी जुनी कॉइल उरली असेल तर टाकू नका, पिशवीत घालून डिकीत ठेवा. कोकणात घाटात अडकल्यावर १० चा पाना आणि ती कॉइल तुम्हाला घरी आणू शकते.

९. सुरू करा

एअर फिल्टरचा पाइप बसवला? त्यात कोंबलेलं फडकं काढलं? हत्यारं मोजून घेतली? बॅटरीचं टर्मिनल जोडा आणि गाडी सुरू करा. बॅटरी काढली असेल तर पहिली काही मिनिटं आयडल किंचित वर-खाली होईल, ईसीयू पुन्हा जुळवून घेतो. एसी बंद ठेवून पाच मिनिटं चालू द्या. मग स्कॅनरने कोड पुसा आणि एखाद्या चढावर चक्कर मारा. नवी मुंबईकर-ठाणेकरांना उड्डाणपूल पुरेल, पुणेकरांना कात्रजचा जुना घाट आहेच.

सुरू झाल्या झाल्या मिसिंग जाणवलं तर घाबरू नका. बहुतेक वेळा कपलर नीट बसलेला नसतो किंवा दोन कपलर उलटसुलट झालेले असतात. काढलेला फोटो बघून तपासा. 'चफ्-चफ्' असा हवा निसटल्यासारखा आवाज येत असेल तर प्लग ढिला आहे. लगेच बंद करा आणि इंजिन गार झाल्यावर आवळा.

प्लग नवे, कॉइल तपासलेल्या, तरीही तोच कोड परत येत असेल तर अजून पार्ट घेत सुटू नका. मेकॅनिककडे जाऊन "तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग आहे, प्लग आणि कॉइल बदलून पाहिल्या, दोष हलला नाही, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन बघा" असं सांगा. इतकं नेमकं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला चार कॉइलचं कोटेशन सहसा मिळत नाही.

शेवटी सर्व्हिस बुकात तारीख, किलोमीटर आणि प्लगचा पूर्ण नंबर लिहा. कॉइलचं बिल तिथेच स्टेपल करा. वॉरंटीत कॉइल बदलून मिळते ती त्या बिलावरच आणि थर्मल कागदावरची छपाई वर्षभरात उडते, तेव्हा त्याची एक झेरॉक्स काढून ठेवा.